एका पायावर चालणारी केबल

दुसऱ्या अंकात म्हातारा जातो. खुर्चीत बसल्या बसल्या, काही न बोलता. डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड तीन मिनिटांत उतरत उतरत जातो आणि शेवटी त्याच्या चष्म्याच्या काचेवर एक ठिपका तेवढा उरतो. नाटकातली ही माझी जागा. लेखकाने तिथे वाक्य लिहिलेलं नाही, दिग्दर्शकाने संगीत ठेवलेलं नाही. सगळं लाइटवाल्यावर सोडलंय. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, हाऊसफुल्ल प्रयोगात, नेमक्या त्या तीन मिनिटांत खिडकीतल्या लाइटने मान झटकली. मग आणखी दोनदा. मग तो उजेड म्हाताऱ्याच्या अंगावरून सरकत भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेला आणि काही झालंच नाही अशा थाटात परत आला. पहिल्या रांगेतलं एक पोर खिदळलं. त्याच्या आईने त्याला चापट मारली, तीही मला विंगेतून दिसली.

प्रयोगानंतर कोण काय बोललं ते जाऊ दे. निर्मात्याचं म्हणणं लाइट बदला. मॅनेजरचं म्हणणं लाइट चालवायचा बोर्ड जुना झालाय. सेट भरणाऱ्या पोरांनी गावच्या विजेचा उद्धार केला. बस एक वाजता सुटणार होती, तोवर मी रिकाम्या रंगमंचावर एका मिणमिणत्या बल्बखाली बसून केबली चाचपत होतो. नाचला होता सातवा लाइट. दुखणं निघालं तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या दहा मीटरच्या तुकड्यात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते आमच्या धंद्यात अगदी शब्दशः खरं आहे. मधल्या तिघांना त्या प्रवेशात काम नव्हतं, ते अंधारात गप्प होते म्हणून सुटले. सातवा बिचारा एकटा उजेडात, म्हणून तो बदनाम.

कनेक्टरची मागची टोपी फिरवून काढली. आत तीन तारा. दोन डाख चकचकीत, तिसरा भुरका आणि दाणेदार. नीट वितळून बसलेलं कथील थंड झाल्यावर चमकतं. घाईत, पुरेशी उष्णता न देता टेकवलेलं असलं की त्याला राखेसारखा रंग येतो. नखाने टिचकी मारली. तार हलली, पण निसटली नाही. कथलाच्या खोबणीत ती नुसती उभी होती, जुन्या वाड्यातल्या वाळवी लागलेल्या खांबासारखी.

म्हणजे केबल तुटलेली नव्हती. तुटलेली असती तर मला संध्याकाळी चारलाच कळलं असतं.

आता ही केबल म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण नाटक-सिनेमा बघणाऱ्या माणसाला लाइट दिसतो, त्याला हुकूम देणारी तार दिसत नाही. लाइटला वीज देणारी वायर वेगळी, जाडजूड. हुकमाची केबल वेगळी, करंगळीएवढी. तिच्यातून जी भाषा जाते तिचं नाव डीएमएक्स ५१२. अमेरिकेतल्या रंगभूमी-तंत्रज्ञांच्या यूएसआयटीटी या संस्थेने १९८६ साली ती ठरवली, १९९० साली दुरुस्त केली आणि २००४ मध्ये तिला तिथलं राष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी ज्या कंपनीचा बोर्ड त्याच कंपनीचे डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारी यंत्रं, अशी गत होती.

बारक्याला, म्हणजे आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या नव्या हेल्परला (नाव काहीही असो, तो बारक्याच), मी हे पंगतीवरून समजावतो. पाचशे बारा पानं मांडलीत. वाढपी पहिल्या पानापासून निघतो आणि प्रत्येक पानावर शून्य ते दोनशे पंचावन्न यांतला एक आकडा वाढत जातो. शून्य म्हणजे अंधार, दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण उजेड. ज्या लाइटचा नंबर सदतीस, तो छत्तीस पानं पुढे जाऊ देतो आणि सदतिसाव्यापासून आपल्या गरजेपुरती पानं उचलतो. साधा डिमर एकच पान घेतो. मान वळवणारा, रंग बदलणारा लाइट पंधरा-वीस घेतो. वाढपी शेवटच्या पानापर्यंत पोचला की पुन्हा पहिल्यापासून. पंगत भरलेली असली तर अशा फेऱ्या होतात सेकंदाला सुमारे चव्वेचाळीस.

या वाढप्याची एक खोड आहे. तो कधीच विचारत नाही, ‘पोचलं का?’ पानावर पडलं काय, जमिनीवर सांडलं काय, तो पुढे. चुकलेला आकडा तपासण्याची सोय मूळ भाषेत ठेवलेलीच नाही. सांडलं तर सांडलं, तेवीस मिलिसेकंदांत पुढची फेरी येतेच आहे. लाइट एकदा चुकीचा आकडा घेईल, लगेच बरोबरचा घेईल, आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला पत्ताही लागणार नाही. फार उदार योजना आहे ही. आणि माझ्या आयुष्यातल्या बहुतेक कटकटी या उदारपणातून आल्या आहेत. केबल शंभरातल्या दोन फेऱ्या सांडत असते आणि आपल्याला ते महिनोन्महिने कळत नाही. ज्या दिवशी ती वीस सांडते, त्या दिवशी म्हातारा मरत असतो.

चूक तपासून न बघणाऱ्या या स्वभावामुळेच मानकात सरळ लिहिलंय की ज्यातून माणसाला इजा होऊ शकते ते काम या तारेवर टाकू नका. एका ऐतिहासिक नाटकाच्या वेळी तोफेच्या दारूचा भपका बोर्डाच्या एका बटणावर हवा असं दिग्दर्शकाचं फार मनात होतं. मी नाही म्हणालो. त्यांना वाटलं मला जमत नाही. वाटू दिलं.

मी या धंद्यात आलो तेव्हा डीएमएक्स आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना सगळी मंडळी मामा म्हणत. मामांच्या बोर्डावर चोवीस खटके, चोवीस डिमर, आणि बोर्डापासून डिमरपर्यंत मनगटाएवढी एक केबल, जिच्या पोटात प्रत्येक डिमरची स्वतःची तार. शून्य व्होल्ट म्हणजे बंद, दहा व्होल्ट म्हणजे पूर्ण. अकरावी तार तुटली तर अकरावा लाइट जायचा. बाकीचे तेवीस शेजाऱ्याकडे मयत झाल्यासारखे थोडा वेळ गप्प राहून आपापल्या कामाला लागायचे. बिघाड जिथे दिसे तिथेच असे.

पहिल्यांदा नवा बोर्ड आला आणि मनगटाएवढ्या केबलीच्या जागी करंगळीएवढी आली, तेव्हा मामांनी ती दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली. ‘एवढ्याशा सुतळीवर सगळा संसार?’ म्हणाले. मी तरुण होतो, मला नवीन ते सगळं आवडायचं. मी त्यांना दोन तास समजावत बसलो. त्यांना समजलं होतंच. त्यांचा प्रश्न समजण्याचा नव्हता.

या सुतळीच्या पोटात एकमेकींना पीळ घालून दोन तारा असतात आणि भोवती जाळीचं वेष्टण. कनेक्टरच्या पिनांवर नंबर कोरलेले असतात: एकवर जाळी, दोनवर एक तार, तीनवर दुसरी. दोन्हींवर एकच निरोप जातो, पण उलटसुलट. एकीवर दाब चढतो तेव्हा दुसरीवर उतरतो आणि लाइट फक्त दोघींतला फरक वाचतो. शेजारून डिमरची जाडी वायर जात असली, तिचा खरखराट केबलीत शिरला, तर पिळामुळे तो दोघींना सारखाच लागतो. फरक तेवढाच राहतो. अतिशय हुशार कल्पना.

आणि म्हणूनच एक तार सुटली तरी खेळ संपत नाही. उरलेली तार आपली एकटी वरखाली होत राहते आणि लाइट त्यातून जमेल तसा अर्थ काढतो. लाइन छोटी, हवा कोरडी, आजूबाजूला गडबड नाही, तर ती एका पायावर तासन्‌तास उभी राहते. मुंबईत या नाटकाचे आठ-दहा प्रयोग त्याच केबलीवर झाले होते. विदर्भात थिएटर मोठं, म्हणून मी मधे चाळीस मीटर वाढवले. लंगडी मेटाकुटीला आली.

पुढे जे सांगायचं ते सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो. तो भुरका डाख माझा होता. प्रयोगाच्या हंगामापूर्वी मी घरी बसून एकदम वीस केबली बनवल्या. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून कनेक्टर आणले, केबलीचं भेंडोळं आणलं, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि रात्री साडेबारापर्यंत डाख देत बसलो. पहिल्या पंधरा केबली देखण्या झाल्या. नंतर डोळे मिटत होते. इस्त्री, म्हणजे आमची सोल्डरची, तिचं टोक काळं पडलं होतं आणि ते ओल्या स्पंजावर पुसायलाही उठावंसं वाटेना. तपासणी म्हणून मी काय केलं? एका टोकाला बोर्ड, दुसऱ्याला लाइट, लागला की ‘पास’. लाइट लागतो ही केबलीची तपासणी नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी शिकवायचो ते.

खरी तपासणी मल्टिमीटरने, आणि केबल हलवत. एकपासून एकला, दोनपासून दोनला, तीनपासून तीनला बीप यायला हवी. दुसऱ्या कुठल्याही जोडीला येता कामा नये. बीप चालू असताना कनेक्टरच्या मानेशी केबल चारी दिशांना वाकवायची. बीप अडखळली की ती केबल बाजूला. शिवाय कनेक्टरच्या धातूच्या कवचाला एक नंबरची पिन जोडलेली नाही ना, ते बघायचं. माईकच्या केबलीत ती बऱ्याचदा जोडतात. आमच्याकडे ते कवच लोखंडी बारला टेकतं आणि थिएटरच्या अर्थिंगमधली सगळी घाण सिग्नलमध्ये यायला वाट मिळते.

माईकची केबल हा स्वतंत्र विषय आहे. यावर मी भांडलोय, अबोला धरलाय. मानकात पाच पिनांचा कनेक्टर सांगितला आहे. त्यातल्या चार आणि पाच नंबरच्या पिना सहसा रिकाम्याच असतात, तरी पाच, कारण तो माईकच्या कनेक्टरशी जुळू नये. पण तीन पिनांचा स्वस्त, कुठेही मिळणारा. लाइट बनवणाऱ्यांनी सर्रास तोच बसवला. आता साउंडवाल्याची पेटी आणि आमची पेटी शेजारी उघडी असते, कनेक्टर तोच, ही केबल काळी, तीही काळी. कमी पडली की पोरं तिकडची इकडे लावतात. आणि लाइट लागतो! हाच तर घोटाळा. लागला नसता तर कुणी लावली नसती.

फरक दिसण्यात नाही, पोटात आहे. या सिग्नलला सेकंदाला अडीच लाख ठोके पाठवायचे असतात. त्या वेगाला केबल नुसती तार राहत नाही, नळीसारखी वागते. तिचा एक ठरलेला गुण असतो, तो ओहममध्ये मोजतात. डीएमएक्सच्या केबलीत तो एकशे वीसच्या आसपास हवा, माईकच्या केबलीत तो बराच कमी असतो. नळीची रुंदी मधेच बदलली की पाणी उसळतं, तसा सिग्नल जोडाजोडाला थोडा मागे उसळतो. आवाजाचं काम सावकाशीचं, त्याला याने काही होत नाही. साउंडवाले म्हणतात, ‘अहो, आमच्याकडे तर मस्त चालते!’ बरोबरच म्हणतात. एकदा मात्र उलटा प्रकार झाला. आमची लाइन चुकून मिक्सरच्या अशा चॅनेलला लागली जिथे कंडेन्सर माईकसाठी अठ्ठेचाळीस व्होल्ट सोडलेले होते. दोन लाइट कायमचे बहिरे झाले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना पिवळी टेप असते आणि साउंडवाल्याशी माझे संबंध प्रेमाचे आहेत.

विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली तर हाक परत येते. लाइनच्या शेवटच्या लाइटपाशी असंच होतं. पुढे जायला वाट नाही, सिग्नल मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणून शेवटच्या लाइटच्या बाहेर जाणाऱ्या भोकात एक बूच लावायचं: रिकामा कनेक्टर आणि त्याच्या आत दोन आणि तीन पिनांच्या मधे एकशे वीस ओहमचा रेझिस्टर. तपकिरी, लाल, तपकिरी पट्ट्यांचा, सुट्ट्या पैशांत मिळणारा. हाक त्यात जिरते. मी पहिलं बूच बनवून लावलं तेव्हा मामांनी विचारलं, ‘ही वायर कुठे जाते?’

‘कुठेच नाही मामा. हिला वायरच नाही.’

‘मग लावलीस कशाला?’

मी विहिरीचं सांगितलं. मामा कोकणातले, विहीर त्यांना पटली. पुढे दौऱ्यावर निघताना ते पेटी उघडून बघत आणि विचारत, ‘विहिरीचं झाकण घेतलंस का रे?’

या बुचाचा दुसरा उपयोग मला बऱ्याच उशिरा सुचला. लाइट अजून टांगायचे आहेत, नुसत्या केबली पसरल्यात. अशा वेळी सगळ्या एकमेकींना जोडायच्या, शेवटी बूच लावायचं आणि सुरुवातीच्या टोकाला मल्टिमीटर धरायचा, दोन आणि तीनच्या मधे. एकशे वीसच्या थोडा वर आकडा आला तर वाट साफ. काहीच आलं नाही तर कुठेतरी तार सुटलीय. साठच्या आसपास आला तर कुणीतरी मधेच दुसरं बूच विसरलंय. शून्याच्या जवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. एका मिनिटाचं काम. ते मिनिट विदर्भात माझ्यापाशी नव्हतं असं मी सगळ्यांना सांगितलं. होतं. मी चहा पीत होतो.

बिघाड शोधताना नवा माणूस एका टोकापासून एकेक केबल बदलत जातो. चौदा लाइटांची लाइन असेल तर पहिली घंटा होते तोवर तो पाचव्यावर असतो. त्यापेक्षा सरळ मधे जायचं. सातव्यापाशी लाइन तोडायची, तिथे बूच लावायचं आणि अलीकडचे लाइट बघायचे. शहाण्यासारखे वागले तर रोग पलीकडे. उरलेल्याचा पुन्हा मध्य. चौदांचा बिघाड तीन-चार वेळा शिडी चढण्यात सापडतो. फक्त एक भान ठेवायचं: लाइन तोडल्याने ती लहान होते आणि लहान लाइनवर लंगडी केबलही धावते. म्हणून निर्दोष सुटलेल्यावरही थोडा संशय ठेवायचा.

कधी कधी दोष केबलीचा नसतोच, आकड्याचा असतो. जुन्या लाइटांना नंबर द्यायला पाठीवर नऊ छोटे खटके असतात. पहिल्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, मग चार, आठ, अशी दुप्पट होत शेवटच्याची दोनशे छपन्न. सदतीस हवा तर बत्तीस, चार आणि एक. म्हणजे सहावा, तिसरा आणि पहिला खटका वर. शिडीवर, एका हाताने बार धरून, घामाने ओल्या बोटाने हे करताना एखादा खटका अर्ध्यात राहतो आणि दोन लाइट जुळ्या भावंडांसारखे वागू लागतात. मग केबलीची उगाच चौकशी होते. हे लवकर ओळखू येतं, कारण जुळी शिस्तीत चुकतात. लंगडी केबल बेशिस्त चुकते. बिघाडाला ताल आहे का, हे मी आधी बघतो.

एक लाइन दोघांकडे न्यायची झाली की इलेक्ट्रिशियन बंधू पटकन तारा सोलून वाय आकाराचा जोड करून देतात. विजेला ते चालतं, त्यामुळे त्यांचाही इलाज नाही. सिग्नलला मात्र तिथे दोन विहिरी लागतात. त्यासाठी स्प्लिटर नावाची पेटी असते, आणि तिच्या आतली करामत मला अजून आवडते. आलेला सिग्नल एका चिपमध्ये इवलासा दिवा लावतो आणि विझवतो. समोर बसलेला डोळा ते बघून पलीकडे नवा सिग्नल तयार करतो. मधे तार नाही. एका फाट्यावर कुणी न्यूट्रल सोडला, चुकीची फेज आली, तरी आग त्या फाट्यावरच राहते. आमच्याकडे ही पेटी नव्हती तेव्हा एका उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात जनरेटरवाल्याने न्यूट्रल ढिला सोडला. नऊ लाइटांच्या कानातली आठ पायांची चिप एका झटक्यात गेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चिपा आणून मी नऊच्या नऊ बदलल्या. चिपांना चहापाण्याइतका खर्च आला, मजुरीचे दोन दिवस मात्र माझे गेले. पेटी त्यानंतर घेतली.

सिनेमाच्या सेटवर मी उशिरा गेलो, नाटकं कमी झाली तेव्हा. तिथे लाइट महाग, माणसं भरपूर, आणि डीएमएक्स नवीन. पूर्वी लाइट कमी करायचा तर लाइट दादा समोर जाळी घालायचे किंवा लाइट मागे ओढायचे. एलईडी पॅनल आले तसं सगळं एका टॅबलेटवर आलं. गॅफर, म्हणजे सेटवरचा लाइटचा प्रमुख, खुर्चीत बसून बोट फिरवतो आणि छताला टांगलेलं आभाळ संध्याकाळ होतं.

नाटकात चूक प्रेक्षकाचा डोळा पकडतो, आणि डोळा दयाळू असतो. कॅमेरा तसा नाही. सेकंदाला चोवीस चित्रं म्हटली तर एक चित्र सुमारे बेचाळीस मिलिसेकंदांचं. त्यात आमच्या वाढप्याच्या जेमतेम दोन फेऱ्या बसतात. दोन फेऱ्या सांडल्या की एक चित्र काळवंडलं. एका फ्लोअरवर घराचा मोठा सेट होता, वर चाळीसभर पॅनल. टेक चालू असताना भिंतीवरचा उजेड एका क्षणासाठी खाली बसायचा. फ्लोअरवर कुणालाच दिसत नव्हतं, मॉनिटरवर मात्र दिसायचं. रिहर्सलला येत नव्हता, टेकला यायचा, तोही प्रत्येक टेकला नाही. वायरलेसवर संशय गेला, कारण सेटवर शंभर मोबाइल आणि सगळे त्याच हवेत बोलणारे. वायरलेस काढून केबल टाकली. तरी तेच. एका लाइनवर बत्तीसपेक्षा जास्त यंत्रं लावू नयेत हा नियम मोडलेला होता, म्हणून लाइन दोन भागांत केली. थोडं सुधारलं, गेलं नाही. तीन तास झाले. फर्स्ट एडी, म्हणजे पहिला सहायक दिग्दर्शक, माझ्याकडे बघेनासा झाला. तो ओरडत असता तर बरं वाटलं असतं.

मग मी पॅनलकडे बघणं सोडून लोकांकडे बघायला लागलो. टेकमध्ये काय होतं जे रिहर्सलमध्ये होत नाही? ट्रॉली. रिहर्सल कॅमेऱ्याशिवाय होत होती. टेकला ट्रॉली रुळावरून पुढे यायची, तिच्यावर कॅमेरा, कॅमेरामन, फोकस ओढणारा, आणि रुळाच्या मधल्या पाचरीखालून आमची केबल काढलेली. वजन एका ठरावीक जागी आलं की पाचर दबायची, केबल चेपायची. ट्रॉली त्या जागेच्या थोडी अलीकडे थांबली तर काहीच नाही. मी केबल फक्त हातभर डावीकडे सरकवली. कारण विचारायला कुणी आलं नाही. लंच दीड तास उशिरा झाला होता आणि सगळे धावले.

केबल चेपते, पिळवटते, उंदीर कुरतडतात, पण जास्तीत जास्त केबली मरतात त्या गुंडाळण्यात. हाताच्या पंज्यात आणि कोपराभोवती साडी वाळत घालायच्या दोरीसारखी ताणून गुंडाळणारा माणूस मला बघवत नाही. प्रत्येक वेढ्याला केबलीला एक पीळ पडतो. पन्नास वेढे म्हणजे पन्नास पीळ, आणि ते पोटातल्या तारांनी सोसायचे. मामांनी मला पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवलं होतं. एक वेढा सरळ घ्यायचा, पुढचा मनगट आत वळवून उलटा. पीळ पडतो आणि तिथल्या तिथे सुटतो. अशी गुंडाळलेली केबल एक टोक धरून फेकली तर रंगमंचाच्या या विंगेतून त्या विंगेत सळसळत उलगडते, एक गाठ न पडता. मी बारक्याला तेच शिकवतो. पहिल्या दिवशी तो वैतागतो, आठव्या दिवशी फेकून दाखवतो, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसतो. केबलीला गाठ म्हणजे पाप, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

विदर्भातल्या त्या रात्री बस हॉर्न देत होती. इस्त्री पेटीच्या तळाशी, वर सगळा सेट. मी त्या लंगड्या केबलीच्या टोकाला मामांची खूण केली, म्हणजे एक गाठ मारली. गाठवाली केबल वापरायची नाही, पुण्याला गेल्यावर दुरुस्त करायची, असा आमचा जुना संकेत. पेटीत टाकली आणि बसमध्ये झोपलो.

पुण्याचा प्रयोग चार दिवसांनी होता. दुपारी लाइट टांगायच्या आधी केबली जोडल्या, बूच लावलं, मी चहाचा ग्लास बाजूला ठेवून मल्टिमीटर धरला. आकडा दीडशेवर गेला, एकशे चाळीसवर आला, गायब झाला. एकेक केबल उघडत गेलो. चौथी हातात घेतली आणि टिचकीचा आवाज ओळखीचा आला.

‘ही कुठून आली?’ मी विचारलं. ‘हिला गाठ होती.’

‘हो ना दादा,’ बारक्या म्हणाला, ‘कुणीतरी गाठ मारून तशीच टाकली होती. मी सोडवली. नीट गुंडाळून ठेवली.’

बघितलं तर खरंच फार सुरेख गुंडाळली होती. एक वेढा सरळ, एक उलटा. मी त्याच्याकडून कटर मागून घेतला.